एकोणीसचा पाना

मंठा चौफुलीच्या पुढं, खलीलच्या गॅरेजमागं
आठ महिने झाले, गाडी उभी आहे.
बाभळीनं एक फांदी आत घातलीय
क्लीनरच्या खिडकीतून,
नेमकी तिथं, जिथं मी नऊ वर्षं बसलो.

ब्लॉकला चीर गेली.
पाणी ऑइलात उतरलं आणि ऑइलचा चहा झाला,
बसस्टँडवरचा, दूध जास्त, पत्ती कमी.
खलीलनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं सगळं,
जुना ब्लॉक, लायनर, पिस्टन, पंप, नोजल,
मग पासिंग, मग टायर,
खाली एक लाख नव्वद.
आकड्यावर काळं बोट ठेवून म्हणाला,
"याला खरं धरू नको."
थोडं थांबून म्हणाला,
"घालूच नको पैसे. माझं काम गेलं तर जाऊ दे,
दोन ट्रॅक्टर पडलेत माझ्याकडं."

दुपारी स्कुटीवर कचरूभाऊ आले.
दृष्ट लागू नये म्हणून आईनं ठेवलेलं नाव,
पुढं धंदाही तोच निघाला, भंगाराचा.
खिशातलं नाणं काढून त्यांनी चेसिसवर वाजवलं,
कान लावला, टरबुजाला लावतात तसा.
"किलोला एकतीस देतो. आत्ता देतो.
पण असा पाटा आता येत नाही बाबा.
चालव तिला."

दोन माणसं, दोघं आपापल्या पोटावर पाय देऊन
खरं बोलून गेली.
आता मी कुणावर चिडू?

गिअरबॉक्स चांगला आहे.
पिराजीनं त्याला कधी पाना लागू दिला नाही.
मांजरसुंब्याच्या घाटात वीस टन सळई घेऊन
तो गिअर असा बदलायचा
की मागं झोपलेल्या मला कळायचं नाही,
सकाळी विचारायचो, घाट कधी गेला?
परतूरचा एक जण त्या बॉक्ससाठी दोनदा आला,
दोन्ही वेळा चहा पिऊन गेला, भाव न विचारता.

डिझेलची टाकी शेजाऱ्याला हवीय, पाण्याला.
मागचा एक्सल ट्रॉलीला जाईल.
केबिन एका ढाब्याला पाहिजे, दारात ठेवायला,
पोरं स्टेअरिंगवर बसून फोटो काढतील म्हणे.
उरेल ते भट्टीत.
भट्टी तीच, एमआयडीसीतली,
जिच्या गेटवर आम्ही रात्ररात्र नंबर लावून
सळई भरायचो परभणीची, हिंगोलीची.
यात मोठा अर्थ आहे असं कुणी म्हणेल.
भट्टीला काय, तिला लोखंड कळतं.

रात्री वाटूरला फोन लावला.
शुगरनं पिराजीचे डोळे नेले, आवाज आहे तसाच,
इंजिन चालू ठेवून बोलल्यासारखा.
सगळं सांगितलं. ब्लॉक, एक लाख नव्वद, एकतीस रुपये.
त्याच्याकडं टीव्ही चालू होता, कुणीतरी तो बारीक केला.
"निम्मी तुझी हाय, निम्मी माझी,"
मी म्हणालो, "तू सांग."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग विचारलं,
"उतारावर लावलीस का सपाटीला?"
"जराशी उतारावर."
"मग चाकाखाली दगड हाय का?"

आठ महिने जागची न हललेली गाडी,
हवा गेलेले पुढचे दोन टायर.
तरी बॅटरी घेऊन गेलो मी मागं,
नाल्याच्या कडेचा एक धोंडा उचलला,
मागच्या डाव्या चाकाला सरकवला,
टाचेनं दोनदा ठोकला.
फोन चालूच होता.
"लावला," म्हणालो.
"हां," तो म्हणाला. "आता झोप."

सकाळी खलील आला तेव्हा
त्याच्या हातात एकोणीसचा पाना होता, हेडसाठीचा.
नको म्हणणारा माणूस रात्रीतून हेड खोलायच्या तयारीनं आला होता.
बाभळीची फांदी त्यानं तोडली नाही, बाजूला बांधली.
"बोल, कुठून सुरू करायचं?"

"गिअरबॉक्सपासून."

खलीलनं माझ्याकडं बघितलं नाही.
एकोणीसचा पाना फडक्याला पुसला,
पेटीत त्याच्या जागी ठेवला,
आणि दुसरा काढला.